नराला लागला चकवा

ऑगस्ट संपता संपता वैजापूर तालुक्यातल्या कुठल्याही कपाशीत शिरा. फुले उमललेली दिसतात, पण मधूनच एखादे मिटलेलेच असते. पाकळ्यांची टोके एकमेकींत गुंतलेली, फूल पिळल्यासारखे. ही डोमकळी. नखाने पाकळ्या उकलल्या की आत बारीक धाग्यांचे जाळे, कुरतडलेले परागकोश आणि तपकिरी डोक्याची एक पांढुरकी अळी सापडते. नाव गुलाबी बोंडअळी, पण गुलाबी रंग तिला वय वाढल्यावरच चढतो. पुढच्या पिढ्या हिरव्या बोंडात घुसतात. अंड्यातून निघालेली अळी तास-दोन तासांत बोंडात शिरते, तिने पाडलेले छिद्र बुजते आणि बाहेरून बोंड अगदी निरोगी दिसते. वेचणीला हात घालावा तर निघते पिवळी, किडकी कवडी. फवारणी करून फारसा उपयोग होत नाही तो यामुळेच. औषध बोंडावर पडते, अळी आत सरकी खात बसलेली असते.

ही कीड परकी नाही. 1842 साली गुजरातेत भडोचच्या कापसावर ती सापडली आणि पुढच्याच वर्षी सॉन्डर्स या इंग्रज कीटकतज्ज्ञाने तिला शास्त्रीय नाव दिले. 2002 मध्ये बीटी कपाशी आली तेव्हा मात्र सगळ्यांचा डोळा हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीवर होता. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे जनुक झाडात घातले की झाडच अळीला मारक ठरणारे प्रथिन तयार करते. 2006 मध्ये अशी दोन प्रथिने असलेले बियाणे आले. हिरवी अळी बऱ्यापैकी आटोक्यात आली. गुलाबी अळी काही वर्षे दबली आणि मग उलटली. पहिल्या प्रथिनाला ती दाद देत नसल्याचे 2010 मध्ये गुजरातच्या नमुन्यांवरून जाहीर झाले. 2017 च्या खरिपात तिने महाराष्ट्रातली कपाशी पोखरून काढली, तीही दोन प्रथिनांची.

असे का झाले, याचे ठरलेले उत्तर म्हणजे शेतकऱ्याने नॉन-बीटी लावली नाही. 450 ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर 120 ग्रॅम साध्या सरकीचे वेगळे पाकीट मिळे. साध्या झाडांवर काही अळ्या विषाशिवाय वाढाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरू नये, हा त्यामागचा हिशेब. ते पाकीट बहुतेकांनी लावले नाही, हे खरेच. पण ज्याच्याकडे दोन-तीन एकर रान आहे, त्याने त्यातल्या काही ओळी अळीसाठी सोडाव्यात, ही अपेक्षाच कागदी होती.

दुसरे कारण खुद्द बोंडात आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. आपल्याकडे बीटी आली ती संकरित वाणांत. संकरित झाडावर धरलेल्या बोंडातली सरकी पुढच्या पिढीची असते, म्हणून जनुके तिच्यात विभागली जातात. एका जनुकाचा विचार केला तर सरासरी चारातल्या एका दाण्यात ते नसतेच. म्हणजे एकाच बोंडात काही दाणे विषारी, काही निम्मे विषारी, काही बिनविषारी. सरकीवरच जगणाऱ्या अळीला विष पचवायला शिकवण्याची याहून चांगली सोय कोणती?

त्यात हंगाम लांबला. आपले संकरित वाण सहा-सहा महिने उभे राहतात. कालव्याचे आवर्तन मिळाले, विहिरीला पाणी असले आणि भावही बरा असला की वैजापूर-गंगापूरकडे फरदड, म्हणजे हंगाम सरल्यावरही तेच पीक, ठेवण्याचा मोह होतो. अळीची एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. फरदड म्हणजे तिच्यासाठी आणखी एक-दोन पिढ्यांची पंगत. थंडीत दिवस लहान झाले की ही अळी सुप्तावस्थेत जाते आणि दोन सरक्या जोडून त्यात, पालापाचोळ्यात किंवा रचून ठेवलेल्या पऱ्हाटीत पुढच्या खरिपाची वाट पाहते.

अलीकडे यावर नवा इलाज आला आहे तो मारण्याचा नाही, फसवण्याचा. मादी पतंग रात्री एक गंध सोडते आणि नर त्याचा माग काढत तिच्यापर्यंत येतो. रसायनशास्त्रज्ञांनी हा गंध 1970 च्या दशकातच ओळखला. तो दोन जवळच्या रेणूंचे निम्मे-निम्मे मिश्रण आहे. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरमध्ये तोच असतो. पीबी नॉट नावाच्या छोट्या दोऱ्यांत तो भरपूर भरतात आणि पाते लागायच्या सुमारास एकरी सुमारे 160 दोऱ्या झाडांना बांधतात. मग सगळ्या रानातच गंध दरवळतो. सराला बेटाच्या सप्ताहाच्या गर्दीत हजार कर्ण्यांवरून एकच नाव पुकारले, तर हरवलेला माणूस कुठल्या कर्ण्याकडे जाणार? नराचे तसेच होते. मादी सापडत नाही, मीलन होत नाही, अंडी वांझ राहतात. गंध विषारी नसल्याने मधमाश्या आणि मित्रकीटक सुरक्षित राहतात.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. एकट्याने एकरभर दोऱ्या बांधल्या आणि शेजारी बांधल्या नाहीत, तर तिकडे फळलेली मादी उडत येते आणि इकडे अंडी घालते. शिवारातले सलग रान एकत्र आले तरच पैसा वसूल. शिवाय तुडतुडे आणि पांढरी माशी यांना या गंधाशी काही देणे-घेणे नाही.

अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी होती, गंधाच्या दोऱ्या होत्या आणि किरणोत्साराने वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडले गेले. पतंग कोणता आपला आणि कोणता रानातला हे कळावे म्हणून अळ्यांना लाल रंग मिसळलेले खाद्य दिले जाई! तिथली शेते मोठी, शेतकरी थोडे आणि मोहिमेत सगळे सामील. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत ती विमाने उतरवण्याची स्वप्ने पाहण्यात अर्थ नाही. आपल्या हातात आहे ते कॅलेंडर.

म्हणून वैजापूरच्या शेतकऱ्यांना सांगणे इतकेच. मृगाआधी सरकी टोबू नका. मे-जूनमध्ये निघालेल्या पतंगाला पाते-फूल मिळाले नाही तर त्याची वीण तिथेच खुंटते. हेक्टरी पाच सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, तरच औषधाचा विचार करा. डोमकळ्या दिसतील तशा तोडून नष्ट करा. आणि डिसेंबर संपला की कपाशीत शेळ्या-मेंढ्या सोडा, पऱ्हाटी उपटून तिची विल्हेवाट लावा, फरदड ठेवू नका.