परभाषेतील आक्रोश : 'सेपुलतुरा'चा आरंभकाळ

साहित्यिकाने परभाषेचा स्वीकार करणे ही घटना तौलनिक साहित्याभ्यासास परिचित आहे. परंतु जी भाषा अद्याप पुरती अवगतही झालेली नाही, तिच्यातच अभिव्यक्ती साधण्याचा आग्रह काहीसा निराळा प्रश्न उपस्थित करतो. 'सेपुलतुरा' या ब्राझीलमधील हेवी मेटल बँडची १९८४ ते १९८९ ही पाच वर्षे या दृष्टीने अभ्यसनीय ठरतात.

मिनास जेराइस प्रांतातील बेलो होरिझोंते या शहरी १९८४ मध्ये माक्स व इगोर कावालेरा या बंधूंनी हा बँड स्थापन केला. इटालियन वकिलातीत सेवेत असलेल्या पित्याच्या निधनानंतर कुटुंबाची आर्थिक स्थिती खालावली होती. बँडचे नावही अनुवादातूनच जन्मले. 'मोटरहेड' या इंग्रज बँडच्या एका गीताचे पोर्तुगीज भाषांतर करीत असता, थडगे या अर्थाचा 'सेपुलतुरा' हा शब्द माक्सला भावला.

आरंभीचा काळ अस्थिरतेचा होता. वाग्नर लामुनियर हा गायक मतभेदांमुळे १९८५ मध्ये बाहेर पडला व 'सार्कोफागो' (शवपेटिका) या बँडमध्ये गेला. गायनाची जबाबदारी माक्सवर आली. त्याच वर्षी स्थानिक 'कोगुमेलो' कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस 'सेपुलतुरा'चे 'बेस्टियल डिव्हॅस्टेशन' होते, तर दुसऱ्या बाजूस 'ओव्हरडोस' या बँडचे 'सेकुलो व्हिंते' (विसावे शतक). एका बाजूचे शीर्षक इंग्रजी, दुसरीचे पोर्तुगीज. एकाच शहरातील समवयस्कांपुढे असलेले दोन भाषिक पर्याय एकाच तबकडीवर अशा रीतीने शेजारी आले.

ब्राझीलमधील १९६४ पासूनची लष्करी राजवट १९८५ मध्ये संपुष्टात आली. तथापि या मुद्रिकेत आणि १९८६ च्या 'मॉर्बिड व्हिजन्स'मध्ये तिचा प्रत्यक्ष उल्लेख शोधू जाता हाती फारसे काही लागत नाही. तेथे आढळतात ती 'व्हेनम'सारख्या युरोपीय बँडकडून घेतलेली सैतानी प्रतिमाने. इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे असल्याने शब्दकोशाच्या आधारे शब्दशः भाषांतर केले जाई. या सदोष इंग्रजीस केवळ अनुकरण म्हणणे सोपे आहे. परंतु कॅथलिक संस्कारांत वाढलेल्या कुमारांना मातृभाषेत जे उच्चारणे अवघड, त्यासाठी परभाषेचे अंतर सोयीचे ठरले असावे, हे अनुमान असंभाव्य नाही.

१९८७ मध्ये गिटारवादक जाइरो गेद्झ याच्या जागी साओ पाउलोचा अँड्रियास किसर आला आणि 'स्किझोफ्रेनिया'त वादनाची जाण स्पष्टपणे वाढली. पुढे 'रोडरनर' या आंतरराष्ट्रीय कंपनीशी करार झाला. रिओ दे जानेरो येथे मुद्रित झालेली 'बीनीथ द रिमेन्स' १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील एका गीताची शब्दरचना 'एथिस्ट' या अमेरिकन बँडच्या केली शेफर यांनी केली, ही बाब लक्षणीय आहे. जागतिक श्रोत्यापर्यंत पोहोचताना भाषेची डागडुजी त्या भाषेच्या धन्याकडून करवून घ्यावी लागली.

१९९६ च्या 'रूट्स'मध्ये मात्र शावान्ते आदिवासींचे गायन आणि पोर्तुगीज शब्द आवर्जून आले. केंद्राची मान्यता लाभल्यानंतरच परिघाला आपली भाषा वापरण्याचे धैर्य आले काय, हा प्रश्न उरतो. भारतीय भाषांतील लेखकांनाही तो अपरिचित नाही.