कोकमाची बी आणि शिया बटर

पौषातला कोरडा वारा सुटला की बेळगुंदी परिसरात ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात. अशा वेळी शिया बटर, कोको बटर आणून घरीच मलम किंवा केसांचे तेल तयार करण्याची आवड अलीकडे वाढली आहे. ही बटरे काय काम करतात आणि त्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज आहे काय, याचा थोडा विचार करू.

शिया हा पश्चिम आफ्रिकेतील वृक्ष. कोको मूळचा दक्षिण अमेरिकेतील. बटर म्हणजे त्यांच्या बियांतील घट्ट स्नेह. आपल्या त्वचेतील पाणी सतत उडून जात असते; स्नेहाचा थर ते अडवितो. म्हणजे बटर त्वचेला पाणी देत नाही, असलेले राखते. म्हणूनच ते स्नानानंतर, अंग किंचित ओलसर असतानाच लावावे.

हेच काम आपले कोकमतेल करते. गोव्यात त्याला मुठेल म्हणतात, तर आपले कन्नड मित्र ‘मुरुगल तुप्प’, म्हणजे कोकमाचे तूप, म्हणतात. वाळलेल्या बिया फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर तरंगणारा स्नेह काढून त्याचे गोळे करतात. त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते व उरलेल्यात मुख्यतः ओलेइक. शिया बटरमध्येही हीच दोन आम्ले प्रमुख आहेत. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ज्या सहा वनस्पतिस्नेहांना ५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत शियाबरोबर कोकमही आहे!

कोकमतेल सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळते. त्वचा त्याहून थंड असल्याने नुसता गोळा चोळून नीट पसरत नाही. यासाठी १ भाग कोकमतेल व ३ भाग खोबरेल एका भांड्यात घालून ते गरम पाण्यात ठेवावे, वितळल्यावर गाळून कोरड्या डबीत भरावे. त्यात पाणी, दूध किंवा कोरफडीचा गर घालू नये. ओलाव्याने बुरशी येते. खवट वास आल्यास टाकून द्यावे. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस पाहावे.

केसांबाबत अपेक्षा माफक ठेवावी. खोबरेल केसात काही प्रमाणात मुरते. कोकमतेल बाहेरच राहून रुक्ष टोके मऊ करते. त्याने केस वाढत नाहीत. तसेच भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, विशेषतः मधुमेह असेल, तर घरगुती मलमावर न विसंबता डॉक्टरांकडे जावे.

विद्यार्थी मित्रांनो, परदेशी बटर वाईट नाही. पण आमसुले करताना आपण जी बी उकिरड्यावर टाकतो, तिच्यातही तोच गुण आहे. हे तेल काढण्याची रीत घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ठाऊक असेल, तर येत्या वैशाखात त्यांच्याजवळ बसून ती शिकून घ्यावी. डबी विकत केव्हाही मिळेल. ही विद्या मात्र विकत मिळणार नाही.