दहातल्या आठ पाट्या

कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णने छापली. भीमा आणि तिच्या उपनद्यांतला घोगरा, कोळीस, शिंगाळा त्याने इथल्याच नावांनिशी शास्त्राच्या दप्तरी लावले. आज त्यांतले जाळ्यात काय येते ते बघायचे म्हणून भिगवणचा मासळी बाजार गाठला. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. सुमारे 117 टीएमसीच्या या जलाशयातली मासळी इथे येते.

होड्यांतला माल उतरतो, काट्यावर चढतो, लिलाव होतो. त्या आरडाओरड्यात मी मात्र एका मावशींपाशीच रेंगाळले. त्या मासळी निवडत होत्या.

“धा पाट्या आल्या, तर आठ चिलापीच्या,” मान वर न करता त्या म्हणाल्या. “ऱ्हायल्या दोनांत बाकी समदे.”

एका चिलापीचा जबडा त्यांनी अंगठ्याने उघडून दाखवला. आत मोहरीएवढी पिवळी अंडी, चिकटून बसलेली. “पोरं तोंडात घिऊन हिंडती ही. मरतीया कशाला?”

आठ पाट्यांचे निम्मे उत्तर त्या जबड्यात होते. मादी अंडी-पिल्ले तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते. पुणे-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून इथवर येते, त्या कमी प्राणवायूच्या पाण्यातही चिलापी तगते. 1952 मध्ये देशात आणलेला हा परका मासा. रोहू-कटलाही मूळचे गंगेकडचेच, पण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांची बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडावी लागते. 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधरींनी संप्रेरक टोचून कार्प माशांचे प्रजनन घडवले, त्यावर पुढे मत्स्यबीजाचा सगळा कारभार उभा राहिला.

उत्पादन टनांत मोजले की तलाव भरभराटीला आलेला दिसतो. टनाला जात नसते.

मावशींचा राग मात्र चिलापीवर नाही, वडापवर आहे. बारीक आसाचे ते जाळे बोटुकलीसकट सगळे खरवडून आणते. “उद्याचं आजच वाळवून इकत्यात,” त्या म्हणाल्या. पलीकडे दोन ‘हेलिकॉप्टर’ पडले होते. दक्षिण अमेरिकेतला हा सकर मासा शोभेच्या टाक्यांतून नद्यांत आलेला. अंगावर चिलखत, जाळे फाडतो, आणि गिऱ्हाईक त्याला हातही लावत नाही.

उरलेल्या दोन पाट्यांतली एक रोहू-कटल्याची. दुसरीत वांब, एक जिवंत मरळ, दोन शिंगाळे आणि तळाशी एक घोगरा. मावशींनी त्याला फडक्यात धरले, परांजवळचे काटे कट्‌कन मोडले आणि त्याला पाटीत न टाकता स्वतःच्या पिशवीत टाकले. कोळीस कुठे दिसला नाही.

“हा लिलावात नाही?”

“ह्यो न्हाई इकायचा. कालवणाला.”

“आणि चिलापी?”

“ती पुण्याच्या गिऱ्हाइकाला, ताई. तुमाला किती देऊ?”

मी किलोभर घेतली.