कुडी आमची, प्राण परक्यांचा

नागपूर हें समुद्रापासून शेंकडों मैल आंत वसलेलें शहर. तेथील पत्रानें लढाऊ आगबोटींच्या यंत्रांची चर्चा कशाला करावी, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. परंतु ऐन हंगामांत जिनाचें यंत्र बंद पडून परगांवच्या कारागिराची वाट पाहात ज्यांस बसावें लागलें आहे, असे आमचे व्यापारी बंधु तरी हा प्रश्न विचारणार नाहींत. यंत्र विकत घेणें निराळें आणि तें जुनें झालें असतां नवें करण्याची विद्या आपल्या हातीं असणें निराळें. हा भेद मुंबईच्या एका जहाजाच्या कथेवरून स्पष्ट होतो.

१८५४ सालीं मुंबईच्या गोदींतून ‘पंजाब’ व ‘असई’ या दोन मोठ्या लढाऊ आगबोटी पाण्यांत उतरल्या. देखरेख कर्सेटजी रुस्तमजी वाडिया यांची, लांकूड सागवानाचें, हात येथल्याच सुतारांचे. यंत्रें मात्र विलायतेचीं. दोन्ही बाजूंस मोठालीं चाकें आणि तीं फिरविणारें वाफेचें यंत्र, अशी त्यांची रचना होती. १८५६-५७ च्या इराणवरील मोहिमेंत दोघींनींही काम बजावलें. परंतु चाकांचा काळ सरत आला होता. चाक तोफेच्या माऱ्यांत उघडें पडे व बाजूच्या तोफांची जागा अडवी. पंखा पाण्याखालीं सुरक्षित राही. १८४५ सालींच इंग्लंडांत दोन बोटी पाठीस पाठ लावून बांधिल्या असतां ‘रॅटलर’ या पंख्याच्या बोटीनें ‘अलेक्टो’ या चाकांच्या बोटीस मागें ओढीत नेलें होतें.

तेव्हां ‘पंजाब’ व ‘असई’ यांस पंखा बसवावा म्हणून त्यांस इंग्लंडास पाठविण्यांत आलें. तों १८६३ सालीं हिंदुस्थानचें आरमारच मोडण्यांत आलें! काम बाजूस राहिलें आणि जॉन विलिस नांवाच्या जहाजमालकानें दोन्ही बोटी विकत घेतल्या. ‘असई’ त्यानें विकून टाकली. ‘पंजाब’मधील यंत्रें काढिलीं, तिच्यावर शिडें चढविलीं व तिला ‘ट्वीड’ असें नवें नांव दिलें. मुंबईच्या सुतारांची ही कुडी इतकी उत्तम, कीं केवळ शिडांवरही ती वेगाविषयीं नांवाजली गेली. ‘कटी सार्क’ या १८६९ च्या विख्यात जहाजाच्या घडणीवर तिची छाप आहे, असें मानितात. १८८८ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर फुटेपर्यंत ती चालत होती. कुडी चौतीस वर्षें टिकली. प्राण मात्र दहा वर्षांच्या आंतच काढून घेतला गेला. तो पुन्हां घालावा कीं न घालावा, हा निर्णय ज्यांनीं ती बांधिली त्यांच्या हातीं नव्हता.

यंत्र जहाजाच्या आधीं म्हातारें होतें, हा नियमच होय. त्या काळीं बॉयलरांत बहुधा समुद्राचेंच पाणी उकळीत. आंत क्षारांचे थर सांचत आणि पत्रा गंजून पातळ होई. म्हणून दाट झालेलें खारें पाणी वारंवार बाहेर सोडावें लागे व त्याबरोबर कोळशाची उष्णताही वायां जाई. यंत्राच्या निगेंत उणीव राहिली म्हणजे काय होतें, तें १४ जुलै १८७६ रोजीं ‘थंडरर’ या ब्रिटिश युद्धनौकेवर दिसलें. दाब दाखविणारा कांटा निकामी, जादा वाफ सोडणाऱ्या झडपा अडकलेल्या. चौकोनी बॉयलर फुटला आणि ४५ माणसें दगावलीं. परंतु ती नौका मोडींत निघाली नाहीं. १८८९ ते १८९१ या काळांत तिच्यांत नवे वाटोळे बॉयलर आणि एकच वाफ तीन नळकांड्यांत क्रमानें राबविणारीं यंत्रें बसविण्यांत आलीं. वाटोळें कवच दाब सर्व बाजूंनीं सारखा झेलतें, म्हणून अधिक जोराची वाफ वापरतां येते. आणि तीच वाफ तीनदां कामास आली म्हणजे तेवढ्याच कोळशांत अधिक मजल मारतां येते. ज्याच्या घरीं कारखाना, त्याच्या जहाजास दुसरा जन्म!

मग मुंबईस बुद्धि नव्हती काय? अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनीं १८३३ सालीं ‘इंडस’ नांवाची लहान आगबोट तयार केली. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद निवडिलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी आगबोट-कारखान्याचे मुख्य यंत्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. युरोपियन कामगार एका हिंदी माणसाच्या हाताखालीं कसे काम करितील, अशी ओरड तेव्हां वृत्तपत्रांतून झाली. अर्देशीरांनीं १८५७ पर्यंत तें काम चालवून दाखविलें. उणें पडलें तें एवढेंच, कीं एक अर्देशीर झाला, तरी शंभर अर्देशीर घडविणारी शाळा वेळेवर निघाली नाहीं. मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघण्यास १८८७ साल उजाडावें लागलें. याचा सर्व दोष परक्या सरकारच्या माथीं मारून आम्हांस मोकळें होतां येणार नाहीं. लेखणी धरणारा हात थोर आणि तेलानें काळा झालेला हात हलका, ही समजूत आमचीच होय.

नागपूरचा स्वतःचा अनुभवही हेंच सांगतो. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांनीं येथें एम्प्रेस मिल सुरू केली. आरंभीं घेतलेलीं स्वस्त यंत्रें नीट चालेनात. जमशेटजींनीं खर्चाकडे न पाहतां तीं बदलून उत्तम प्रतीचीं आणविलीं आणि गिरणीस भरभराट आली. ती गिरणी आज उरली नाहीं. धडा उरला आहे.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी. तर अलीकडचें पाहा. रशियाकडून घेतलेली ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका तेथेंच नवी करवून घेण्यांत आली; २०१२ च्या चांचणींत तिचे बॉयलर बिघडले आणि ती आरमारांत दाखल होण्यास २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. २०२२ सालीं कोचीनच्या गोदींत बांधलेली ‘विक्रांत’ आरमारांत आली, ही खरोखर अभिमानाची गोष्ट; तथापि तिला चालविणाऱ्या यंत्रांचा आराखडा अमेरिकेचा आहे. कुडी आमची, प्राण परक्यांचा, हें कोडें अद्याप सुटलेलें नाहीं.

२०१५ सालीं आमच्या मिहानमध्यें विमानांच्या दुरुस्तीचें केंद्र उभें राहिलें. समुद्र नसला तरी यंत्राचा प्राण राखण्याची विद्या नागपुरास शिकतां येते, याची ही साक्ष होय. आमचें मागणें मोठें नाहीं. ज्यांच्या पदरीं कारखाना आहे, त्यांनीं दरसाल दोनचार होतकरू मुलांस वेतन देऊन हाताखालीं घ्यावें आणि यंत्र केवळ चालविण्यास नव्हे, तर उघडून पुन्हां जुळविण्यास शिकवावें. आणि सुशिक्षित आईबापांनीं, मुलगा संध्याकाळीं काळे हात घेऊन घरीं आला असतां कपाळास आंठ्या न घालतां त्याला पाटावर बसवावें. कारखाना पैशानें उभा राहील; पण ती आंठी गेल्यावांचून त्यांत शिकावयास मुलगे येणार नाहींत.