डेक्कन क्वीनचा रुपेरी साज

१ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीन या आगगाडीच्या दोन रेकांपैकी (डब्यांच्या संचांपैकी) एक रुपेरी, तांबड्या पट्ट्यांचा, तर दुसरा गर्द निळ्या अंगावर सोनेरी रेघांचा होता, हे ज्यांस ठाऊक आहे त्यांना १:८७ प्रमाणातील तयार नमुना-डबा त्या रूपात आणण्याचा मोह अनावर व्हावा, हे स्वाभाविकच होय. मात्र चाके व काचा उतरवून, साबणाच्या कोमट पाण्याने बोटांचा तेलकटपणा घालविल्यावाचून प्रायमरला हात घालू नये. आणि तोही विरळच द्यावा, कारण जाड थराखाली रिव्हेटांचे बारीक उठाव कायमचे गडप होतात. रुपेरी रंग पट्ट्या रंगविताना लावलेल्या चिकटपट्टीसरशी उचलला जातो, सबब त्यावर पारदर्शक वार्निशाची तजवीज आधीच करावी. सोनेरी रेघांसाठी, माझ्या मते, पाण्यात भिजवून लावायचे तयार डेकल वापरण्यात कमीपणा मुळीच नाही.