बेसाल्टखालचा भूगर्भ आणि नोंदींची सफाई

भूकंपीय सर्वेक्षणात सुरुंगाने किंवा कंपने निर्माण करणाऱ्या अवजड वाहनाने जमिनीत लहरी सोडल्या जातात, खडकांच्या थरांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरी जिओफोन ही उपकरणे टिपतात आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून थरांची खोली काढली जाते. मात्र या कच्च्या नोंदींत वाऱ्याची, वाहनांची आणि वीजवाहिन्यांची 50 हर्ट्झची कंपनेही मिसळलेली असल्याने, भूगर्भाचे चित्र रेखाटण्यापूर्वी त्या निवडून स्वच्छ कराव्या लागतात; लातूर-नांदेडच्या बेसाल्टी प्रदेशात तर चित्राची विश्वासार्हता मुख्यतः याच टप्प्यावर ठरते.

सर्वप्रथम प्रत्येक नोंद कोणत्या जिओफोनची आहे हे नकाशाशी ताडून पाहतात, बंद पडलेल्या उपकरणांच्या नोंदी वगळतात आणि उलट जोडणीमुळे उलटलेल्या नोंदी सरळ करतात. त्यानंतर काळ्या मातीचा प्रश्न येतो. भुसभुशीत मातीत लहरींचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर धरला, तर 5 मीटर माती ओलांडण्यास 10 मिलिसेकंद लागतात, आणि शेजारचा जिओफोन उघड्या कातळावर असल्यास तेवढ्या फरकानेच खालचा सपाट थर बेसाल्टच्या वेगाने वीस-पंचवीस मीटर खचल्याचा भास होतो. म्हणून जागोजागी मातीची व मुरुमाची जाडी आणि त्यातील वेग काढून हा उशीर वजा करावा लागतो.

सर्वांत नाजूक काम जमिनीच्या पृष्ठावरून सरकणाऱ्या लहरी काढण्याचे असते. त्या कमी वारंवारतेच्या असल्याने कमी वारंवारताच सरसकट गाळून टाकण्याचा मोह होतो, पण थरावर थर साचलेला बेसाल्ट उच्च वारंवारता विखरून व शोषून टाकतो आणि त्यातून पार जाऊन परतणारा उपयुक्त संकेतही बहुतांशी कमी वारंवारतेचाच असतो. अशा वेळी वारंवारतेऐवजी वेगातील फरकाच्या आधारे गाळणी लावणे श्रेयस्कर ठरते, कारण पृष्ठलहरी परावर्तित लहरींच्या तुलनेत जिओफोनांच्या रांगेवरून फारच सावकाश सरकतात.

1993 च्या भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारी येथे घेतलेले 617 मीटर खोल विंधनछिद्र या संदर्भात फार मोलाचे आहे. त्यात 338 मीटर बेसाल्ट, त्याखाली 8 मीटर गाळखडक आणि मग प्राचीन स्फटिकी खडक आढळला. बेसाल्टमधील वेग सेकंदाला 5 किलोमीटर मानल्यास त्याच्या तळावरून लहर सुमारे 0.135 सेकंदांत परतते; पण तीच लहर पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली गेली, तर 0.27 सेकंदांनी दुसरा प्रतिध्वनी येतो आणि तो न काढल्यास 676 मीटरवर, म्हणजे अखंड स्फटिकी खडकात, मुळात नसलेला थर रेखाटला जातो. 8 मीटरच्या गाळखडकाची गोष्ट नेमकी उलट आहे: तीस हर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी तिथे शंभर मीटरच्या घरात जाते, त्यामुळे कितीही निगुतीने सफाई केली तरी तो थर चित्रात स्वतंत्रपणे उमटत नाही आणि त्यासाठी विंधनछिद्रावरच विसंबावे लागते.