सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओचा अँटेना निवडताना

औंढा नागनाथच्या डोंगरवाटांवर गाड्यांनी एकमेकींच्या संपर्कात राहण्यासाठी :

● बँड : २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, भारतात अटींवर परवानामुक्त, कमाल प्रसारणशक्ती ५ वॅट.

● लांबी : तरंगलांबी सुमारे ११ मीटर, म्हणून पाव तरंगाचा अँटेना पावणेतीन मीटरचा. बाभळीच्या फांद्यांत तो अडकतो. कॉइलचा दीड मीटरचा अँटेना सोयीचा. पल्ला मात्र थोडा घटतो.

● जागा : पत्र्याच्या टपाचा मध्य सर्वोत्तम. बुडाशी स्प्रिंग हवीच.

● जुळणी : एसडब्ल्यूआर (स्थायी तरंग गुणोत्तर) १.५ च्या आत ठेवा. २ च्या वर गेल्यास प्रसारण थांबवा, नाहीतर सेट जळू शकतो.

खरेदीपूर्वी अँटेनाविषयीचे सरकारी नियम जरूर वाचा.